दोन यतीम आणि एक डबा

एका दस्तरखानावर बसले की दिलं जुळतात, असे आपण सहज बोलून जातो. इफ्तार पार्टीच्या बातम्यांतही हेच वाक्य हमखास असते. परंतु शेजारी बसून जेवणे आणि दोस्ती यांत बरेच अंतर आहे. ते कसे पार होते आणि कुठे अडते, हे अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनले का डब्बा’ (२०११) आणि रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) हे दोन हिंदी चित्रपट एकत्र पाहिले की ध्यानात येते.

दोन्ही कथा मुंबईतल्या, दोन्हींत दुपारची सुट्टी महत्त्वाची. आणि दोन्हींत ज्याच्या हाती डबा नाही, तो यतीम आहे. स्टॅनले शाळेत डबा आणत नाही. वर्गमित्र त्याला आपल्या डब्यात सामील करून घेतात. मुलांच्या डब्यांवर हात मारणारे वर्मा सर मात्र त्यालाच फर्मावतात, डबा नसेल तर शाळेत यायचे नाही. ‘लंचबॉक्स’मधला शेख ऑफिसात दुपारी फळांवर भागवतो. चुकून आलेल्या डब्यातले जेवण साजन फर्नांडिस हळूहळू त्याच्याबरोबर वाटून घेऊ लागतो. समीक्षकांचे लक्ष बहुतेक इला आणि साजनच्या चिठ्ठ्यांकडे गेले. इरफान खान आणि नवाजुद्दीन सिद्दीकी यांच्यात त्या टेबलावर जे घडते, ते मला तितकेच मोलाचे वाटते.

आणखी एक साम्य आहे. दोघेही यतीम आईच्या गोष्टी सांगतात. शेख बोलता बोलता आपल्या अम्मीचा हवाला देतो. तू तर यतीम ना, असे साजनने हटकल्यावर तो कबूल करतो की आईचे नाव घेतले की बोलण्याला वजन येते. स्टॅनले शेवटी डबा आणतो, तेव्हा आईने तो कसा रांधला हे रंगवून सांगतो. प्रत्यक्षात तो काकाच्या हॉटेलात राबत असतो आणि तिथला स्वयंपाकी उरलेले अन्न त्याला भरून देतो. मित्र आनंदाने जेवतात, खोलात शिरत नाहीत. ही मुलांची अदब आहे.

परंतु इथेच दोन्ही चित्रपट वेगळे होतात. साजन विचारतो, उत्तर ऐकतो आणि तरीही शेखच्या घरी पसंदा खायला जातो. पुढे निकाहात शेखकडचा माणूस म्हणून तोच उभा राहतो. डब्यातून सुरू झालेले नाते घरापर्यंत पोचते. स्टॅनलेच्या घरापर्यंत कोणीच पोचत नाही. हे मूल संध्याकाळी कुठे जाते, याची चौकशी प्रेमळ रोझी मिससुद्धा करीत नाही. गुप्ते यांनी वर्मा सरांना इतके खादाड रंगवले आहे की सारा राग त्यांच्यावरच निघतो आणि बाकीची शाळा सुटून जाते. मुलांनी न विचारणे हा दोस्ताना आहे. मोठ्यांनी न विचारणे ही गफलत आहे. दिग्दर्शकाने हा फरक पुरेसा ठसवला नाही, ही या सुंदर चित्रपटाची उणीव होय.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांच्या यात्रेला हिंदू-मुसलमान दोघेही येतात. विदर्भ-मराठवाड्यात दर्ग्यांवर कंदुरी होते, शेजारीपाजारी एका पंगतीत बसतात. कंदुरी या फारसी शब्दाचा मूळ अर्थच दस्तरखान. पण दस्तरखान गुंडाळल्यावर कोण कोणाच्या दारी जातो, हा खरा सवाल आहे. शाळांचेही तसेच. २८ नोव्हेंबर २००१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारी शाळांत शिजवलेले अन्न मिळू लागले. खिचडीच्या पंगतीत डबा आणलेला आणि न आणलेला हा भेद मिटतो, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ताट सारखे झाले म्हणून घरे सारखी होत नाहीत. पंगतीत पोटभर जेवणारे मूल संध्याकाळी कोणाच्या हॉटेलात कपबशा विसळते, हे ताटावरून कळत नाही.

कुरआनच्या सूरह माऊनमध्ये यतीमाला झिडकारणारा आणि मिस्कीनाला जेवू घालण्याची प्रेरणा न देणारा यांचा उल्लेख एकत्रच येतो. जेवू घालणे आणि जवळ करणे ही एकाच फर्जाची दोन अंगे आहेत. साजनने दोन्ही पाळली. स्टॅनलेच्या सवंगड्यांनी आपल्या वयाला झेपेल तेवढे केले. उरलेले त्याच्या उस्तादांचे काम होते. उर्दू शाळा असो की मराठी, शिक्षकांनी हे दोन्ही चित्रपट पाहावेत ते यासाठी.