'निवेदन' आणि न विचारलेले प्रश्न

धर्मानंद कोसंबींचं नाव आपल्या समाजात निघालं की पुस्तकांआधी वाद आठवतो. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी जुन्या काळच्या श्रमणांच्या मांसाहाराबद्दल लिहिलं, त्यात आपलाही उल्लेख आला आणि मनं दुखावली. पुढं याच माणसानं पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर पुस्तक लिहिलं आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. पण रागात तेही नजरेआड झालं. वादाचं काय ते जाणकार बघतील. मला लिहायचंय ते त्यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्राबद्दल. घर सोडून परमुलखात एकट्यानं जाऊन शिकणं म्हणजे काय, हे सांगणारं इतकं प्रांजळ मराठी पुस्तक माझ्या वाचनात दुसरं नाही.

१९२४ साली निघालेलं हे पुस्तक. गोव्यातलं सांखवाळ, घरची नारळीची बाग, शिक्षण अर्धवट सुटलेलं. 'बालबोध' मासिकातून बुद्धाची ओळख झाली आणि या तरुणाला ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस तो घराबाहेर पडला. पुणं, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, मग कोलंबो आणि ब्रह्मदेश असा तो फिरला. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली. हाच मुलगा १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्डला पाली ग्रंथांच्या संपादनासाठी जातो. आजच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हेवा वाटावा असा प्रवास.

पण पुस्तक आवडतं ते या यशामुळं नाही. कुठं राहिलो, काय खाल्लं, कुणी मदत केली, कुणी वाटेला लावलं, हे कोसंबी घरखर्चाची वही लिहावी तसं लिहितात. आपली निराशा लपवत नाहीत, मोठेपणा मिरवत नाहीत. घर सोडलेल्या माणसाचा निम्मा जीव जेवणात आणि झोपायच्या जागेत अडकलेला असतो, हे विद्वानांच्या चरित्रांत सहसा येत नाही. इथं ते पानोपानी येतं. जिनं घर चालवलंय तिला हे पुस्तक म्हणूनच पटकन कळतं.

आणि म्हणूनच त्यातली उणीवही तिलाच आधी दिसते. कोसंबी निघाले तेव्हा त्यांचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती, घरात लहान मुलगी होती. पत्नी बाळाबाई या पुस्तकात फार थोड्या येतात. नवरा बुद्धाच्या शोधात गेला, त्या वर्षांत त्या कशा राहिल्या, चार माणसांत काय ऐकून घेतलं, मुलीला काय सांगितलं? काशीतल्या जेवणाचा तपशील देणारी लेखणी सांखवाळच्या चुलीपाशी गप्प होते. कोसंबींवर दुष्टपणाचा आरोप मला करायचा नाही. ते परत आले, संसार पुन्हा उभा केला, आणि १९१८ मध्ये मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर या दोघांना शिकायला अमेरिकेला घेऊन गेले. मुलीला मागं ठेवलं नाही, हे त्या काळात लहान नव्हे. माझं म्हणणं पुस्तकाबद्दल आहे. 'एकटा गेलो' असं पुस्तक सांगतं, तेव्हा मागं घर कुणीतरी धरून ठेवलं होतं हा हिशेब त्यात यायला हवा होता.

'निवेदना'शेजारी मी आनंदीबाई जोशींचं प्रयाण ठेवून बघते. कोसंबींच्या सोळा वर्षं आधी, १८८३ मध्ये, त्या वैद्यक शिकायला नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या. निघण्याआधी फेब्रुवारीत त्यांना श्रीरामपूरला सभेपुढं उभं राहून उत्तरं द्यावी लागली. अमेरिकेलाच का? इथं शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? संकट आलं तर? आणि जे कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करावंस? सगळ्यांची उत्तरं देऊन एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या. पुरुष आधी गेला आणि पंचवीस वर्षांनी सवडीनं निवेदन लिहिलं. बाईला आधी निवेदन द्यावं लागलं, मग जायला मिळालं. दोन्ही प्रवास खडतरच, पण दाराशी झालेली अडवणूक एकीचीच.

ते प्रश्न संपले असं कुणी म्हणू नये. आपल्या बेळगाव-निपाणीकडची मुलगी पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी धरून पुढं शिकते म्हणाली की आपणच सभा भरवतो. एकटीच का गं? सूर्यास्ताआधी जेवण कोण देणार? कांदा-बटाटा सोडून काय मिळणार? काळजी खरी आहे. पण मुलगा निघाला की हीच काळजी प्रश्न न होता सोय होते.

सोय कशी होते हे आपल्या समाजाला चांगलं ठाऊक आहे. कोसंबी घराबाहेर पडले त्याच १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. पुढं कोल्हापूर, सांगली, बेळगाव इथं बोर्डिंगं उभी राहिली आणि खेड्यातली शेतकऱ्यांची मुलं शिकली. मुंबईत मगनबाईंनी श्राविकाश्रम काढला तेव्हा विधवांनाही पाटी धरता आली. कोसंबींनाही काशीचं अन्नछत्र होतं, कोलंबोचं विद्यालय होतं, पुढं बडोद्याच्या सयाजीरावांची महिना पन्नास रुपयांची मदत होती. म्हणजे एकट्यानं जाणाऱ्यामागं कुणाचं तरी स्वयंपाकघर आणि कुणाची तरी तिजोरी असते. 'निवेदन' हे प्रामाणिकपणे नोंदवतं. घरातली तिजोरी तेवढी नोंदवायची राहते.

आपल्या महिला मंडळांनी हे पुस्तक जरूर वाचावं. वाचून झाल्यावर पुढच्या बैठकीत एवढंच ठरवावं, की ज्या शहरात आपल्या मुली नोकरीला आहेत तिथं चार खोल्या आणि दिवस मावळायच्या आत डबा देणारी एक चूल आपण चालवू शकतो का. भोजनशाळेला वर्गणी आपण देतोच, त्यातलाच वाटा इकडं वळवता येईल. तेवढं झालं की मुलीला 'एकटी का' हे विचारायचं कारण आपल्यापाशी उरणार नाही.