शिवोलीचा गाणारा

नाताळच्या आदल्या आठवड्यात नागपुरात सदर किंवा मोहननगरच्या बाजूने संध्याकाळी पायी निघाले, तर पूर्वी एक धीरगंभीर, मखमली आवाज हमखास कानी पडे. तो आवाज जिम रीव्हजचा. अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या एका खेड्यात जन्मलेला हा गायक 1964 साली विमान अपघातात वारला. परंतु त्याच्या मृत्यूच्या एकच वर्ष आधी निघालेली नाताळगीतांची तबकडी आमच्या कित्येक घरांत पुढे कॅसेट होऊन आली आणि गव्हाणीच्या देखाव्याइतकीच सणाचा भाग होऊन बसली. ज्याला तिकडे 'कंट्री' संगीत म्हणतात, म्हणजे खेड्यापाड्यांतील शेतकऱ्याचे, गुराख्याचे गाणे, त्याला नॅशव्हिल शहरातील ध्वनिमुद्रणगृहांनी त्या काळात नवा पोशाख चढविला. फिडलची किरकिर कमी झाली, व्हायोलिनचा मोठा ताफा आणि मागे मंद स्वरात गाणारा वृंद आला. खेड्याचे गाणे असे न्हाऊन-माखून शहराच्या दिवाणखान्यात बसले, आणि तेथून ते आमच्याही दिवाणखान्यात आले.

आम्हांला या गाण्यांविषयी माया आहे. तिची खोटी लाज आम्ही बाळगणार नाही. मात्र एक प्रश्न पुष्कळ वर्षे मनात आहे. टेक्सासच्या गायकाला ज्या घरांनी इतके जवळ केले, त्या घरांना शेजारच्या गोव्यातील, आपल्याच श्रद्धेत वाढलेल्या, स्वतः लिहून स्वतः चाल लावून स्वतः गाणाऱ्या कलावंताची ओळख किती आहे? रेमो फर्नांडिस हे नाव काढले की बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते: 'हम्मा हम्मा'. आमच्या मते ही ओळख रेमोंवर अन्याय करणारी आहे. त्या अन्यायाचा थोडा वाटा त्यांचाही आहे, आणि तेच येथे सांगावयाचे आहे.

रेमोंचा जन्म 1953 चा, पोर्तुगीज अमलातील गोव्यातला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पुढे मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयातून त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस युरोप व उत्तर आफ्रिकेत वाटेत भेटेल त्या वाहनाने भटकंती केली, पॅरिसमध्ये गाणे-बजावणे केले. एवढे जग पाहिलेला पदवीधर तरुण मुंबईत किंवा परदेशात स्थिरावेल असे कोणालाही वाटले असते. रेमो मात्र बार्देशातील आपल्या शिवोली गावी परतले.

1984 साली त्यांची 'गोवन क्रेझी' ही कॅसेट निघाली. या नावातली कोटी मराठीत आणता येत नाही. वेडे होण्याचा इंग्रजी वाक्प्रचार आणि 'गोवेकर' हा शब्द एकमेकांत मिसळून ती साधली आहे. हा संग्रह त्यांनी घरच्या घरी, चार पदरांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या लहानशा यंत्रावर तयार केला. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, वाद्ये त्यांनीच वाजविलेली, मागचा गायनवृंदही त्यांच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवून उभा केलेला. तयार कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचविण्याचे कामही त्यांनीच केले. आजच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही, कारण आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे. त्या काळी गाणे लोकांपर्यंत जाण्याचा मार्ग एखाद्या कंपनीच्या दारातून अथवा चित्रपटातून जात असे. तिसरी वाट या माणसाने स्कूटरवरून पाडली.

त्या संग्रहातील 'ओड टू ग्रॅहॅम बेल' हे गाणे आम्हांला त्यांच्या सर्व कारकिर्दीचे मर्म वाटते. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या बेलसाहेबाला उद्देशून गोव्याच्या टेलिफोनची कैफियत मांडणारे हे विनोदी गाणे आहे. ट्रंककॉल लावून घरातल्या सर्वांनी यंत्राभोवती तासन्‌तास बसून राहण्याचे ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या विनोदाची धार वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पाश्चात्त्य रॉकचा तरुण गायक प्रेम, विरह आणि बंड यांवर गातो. रेमो बिघडलेल्या टेलिफोनवर गातात. ही बुद्धी कोठून आली?

ती तियात्रातून आली, असे आमचे मत आहे. 1892 साली मुंबईत पहिला कोंकणी तियात्र झाला. तेव्हापासून या नाट्यप्रकारात प्रवेशांच्या मध्ये 'कांतारां' म्हणण्याची रीत आहे. या गाण्यांचा मूळ कथानकाशी संबंध असतोच असे नाही. गायक पडद्यापुढे येतो आणि गावचा रस्ता, वाढलेली महागाई, निवडून आल्यावर ओळख न देणारा पुढारी यांचा समाचार घेतो. प्रेक्षक त्याला पुन्हा पुन्हा बोलावतात. आमच्या विदर्भातल्या खडी गंमतीत किंवा दंडारीत सोंगाड्या जे काम करतो, तेच हे काम. रेमोंच्या हाती गिटार आहे, शब्द इंग्रजी आहेत, ताल रॉकचा आहे. पण उभे राहण्याची ढब कांतारकाराची आहे. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले, तेव्हा रेमोंनी त्यांच्यासमोर त्यांनाच उद्देशून केलेले गाणे म्हटले आणि त्यात गोव्याची गाऱ्हाणी सांगितली. स्थानिक मंडळी रागावली. पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे पत्र पाठविले. पाहुण्यासमोर घरची भांडी वाजवू नयेत, हा शिष्टाचार झाला. कांतारकाराला तो लागू नसतो.

1985 चा 'ओल्ड गोवन गोल्ड' हा संग्रह आम्हांला त्याहूनही मोलाचा वाटतो. लग्नघरांत, सणासुदीला आजी-आजोबांच्या तोंडी असलेली जुनी गाणी त्यांनी तेथे नव्या वाद्यमेळात मांडली. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' आला. लोटलीच्या एका जुन्या वाड्यात चित्रित झालेल्या त्या चित्रपटात पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळातील एक कॅथलिक कुटुंब आहे, आणि रेमोही त्यात गाताना दिसतात. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवितो. ही वर्षे गोव्यात कोंकणी की मराठी या वादाची होती. 1987 च्या फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला आणि मे महिन्यात गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. आम्ही मराठी बोलणारे असल्यामुळे त्या वादात आमची मने कोणत्या बाजूला झुकली असतील ते सांगावयास नको. पण भाषेचा कैवार घेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सभांपेक्षा अशा एका कॅसेटने आपले गाणे तरुणांच्या कानी अधिक सहज घातले असेल, असे आज शांतपणे विचार करता वाटते.

1986 मधील 'पॅक दॅट स्मॅक' आणि 1987 मधील 'बॉम्बे सिटी' या संग्रहांनी रेमो देशभर पोचले. पहिल्याच्या शीर्षकगीतात अमली पदार्थांवर हल्ला आहे. हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी हिप्पींच्या मेळ्यात ज्याने तरुणपण काढले, त्यानेच हे गावे याला किंमत आहे. हे उपदेशकाचे गाणे नव्हे. ती संगत जवळून पाहिलेल्याचे आहे. आमच्या युवक-शिबिरांतून या विषयावर जी प्रवचने होतात, त्यांना हा पुरावा कधी लाभला नाही. असो.

येथून पुढे चित्रपट येतो. 1987 च्या 'जलवा'चे शीर्षकगीत रेमोंच्या आवाजात गाजले. 1995 साली 'बॉम्बे'च्या हिंदी आवृत्तीत 'हम्मा हम्मा' आले, 1998 साली 'प्यार तो होना ही था'. लोकप्रियतेचा हा कळस होता हे कबूल केलेच पाहिजे. एका पिढीपूर्वी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याची कॅथलिक मंडळी शेकड्यांनी वाजवीत होती. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांनी त्या संगीताची बांधणी केली. तरी रसिकांना त्यांची नावे क्वचितच ठाऊक असत. त्यांच्या मानाने रेमोंचे नाव ठळक छापले गेले, ही भरपाई थोडी नव्हे.

तरीही या गाण्यांत रेमो कोठे आहेत, असा प्रश्न आम्हांला पडतो. 'हम्मा'चे हिंदी शब्द मेहबूब यांचे, चाल रहमान यांची. 'प्यार तो होना ही था'चे शब्द समीर यांचे, चाल जतिन-ललित यांची. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्याचा अर्धा, किंबहुना अधिक मोलाचा भाग दाराबाहेर ठेवून केवळ गळा आत घेतला गेला. त्या गळ्यातही चित्रपटाला हवा होता तो एक विशिष्ट रंग: किनारा, मौज, थोडी झिंग. हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती माणूस आपल्या परिचयाचा आहे. तो बहुधा दारू पितो, मोडके हिंदी बोलतो, त्याची मुलगी झगा घालून नाचते. वर्गात आमच्या मुलांना त्यावरून चिडविले जाते, हे या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे. या ठोकळ्याला रेमोंच्या आवाजाने, त्यांची तशी इच्छा नसतानाही, ताल पुरविला. ज्याने 'त्रिकाल'मधील घर पाहिले होते, त्याच्याकडून आमची अपेक्षा अधिक होती.

कोणी म्हणेल, कलावंताने पोट भरू नये काय? अवश्य भरावे. शिवोलीत बसून टेलिफोनवर गाणी रचणाऱ्याला मुंबईचे आमंत्रण नाकारण्याचा उपदेश नागपूरला बसून करणे सोपे आहे. शिवाय त्याच काळात, 1992 साली, 'पॉलिटिशियन्स डोंट नो टु रॉक अँड रोल' असे कांतारकाराला शोभणारे नाव असलेला संग्रह त्यांनी काढला होता, हेही विसरता कामा नये. आमची तक्रार मुख्यतः आम्हा श्रोत्यांविषयीच आहे. धर्मग्रामाच्या सणाला, लग्नाच्या मंडपात आम्ही 'हम्मा' लावली. 'ओल्ड गोवन गोल्ड' कोणी मागितल्याचे आम्हांला आठवत नाही. 1998 चा 'ओ मेरी मुन्नी' हा हिंदी संग्रह पुष्कळ खपला. आम्ही तो घेतला होता, ऐकलाही. त्यात हुरूप आहे, गाव नाही.

2007 साली भारत सरकारने रेमोंना पद्मश्री दिली. पुढे त्यांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतल्याचे उघड झाले, तेव्हा बरीच टीका झाली. त्या टीकेत आम्हांला संगीताविषयी एक अक्षरही आढळले नाही, म्हणून तिचा येथे विचार करीत नाही. 2021 मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मदर तेरेसा यांच्या जीवनावर त्यांनी 'तेरेसा अँड द स्लम बम' ही इंग्रजी संगीतिकाही रचली आहे. संतपदाला पोचलेल्या स्त्रीच्या शेजारी झोपडपट्टीतला एक भणंग नावातच आणून बसविणे, हे पुन्हा त्या जुन्या कांतारकाराचे लक्षण आहे. आमच्या गायनवृंदांनी या रचनेची दखल घ्यावयास हवी होती.

हा लेख लिहिण्याच्या निमित्ताने आम्ही 'ओड टू ग्रॅहॅम बेल' घरात पुन्हा लावले. नातवाला ते समजेना. ट्रंककॉल म्हणजे काय, टेलिफोन मृत होतो म्हणजे काय, लाइनमनची वाट का पाहावयाची, हे सारे सांगावे लागले आणि सांगता सांगता विनोद निघून गेला. गावाच्या गाण्याला हा धोका असतोच; टेलिफोन सुधारला की गाणे अडचणीत येते. जिम रीव्हजच्या नाताळगीतांना ही भीती नाही. नातवाने तरी गाणे बंद करू दिले नाही. दुसऱ्यांदा ऐकताना त्याने टेलिफोनविषयी काही विचारले नाही. मागे गाणारी माणसे किती आहेत, एवढेच विचारले. एकच, आम्ही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही.