‘अस्तु’ म्हणण्याआधी

स्मृतिभ्रंशावर मराठीत जे काम झाले आहे, त्यात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट वरच्या जागी ठेवावा लागेल. निवृत्त संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री मुलीच्या गाडीत बसलेले असतात. रस्त्यावर हत्ती दिसतो, ते उतरून त्याच्यामागे चालू लागतात आणि हरवतात. पुढे हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. डॉ. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांच्या अभिनयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आपण चित्रपटाकडे विज्ञानाच्या अंगाने पाहू.

या अंगानेही चित्रण खरे उतरते. शास्त्रींना झालेल्या अल्झायमर रोगात अमायलॉइड प्रथिनाचे साके मेंदूत साचतात आणि चेतापेशींत टाऊ प्रथिनाचे गुंते होतात. हे गुंते बहुधा हिप्पोकॅम्पसच्या परिसरात लवकर दिसू लागतात. नवी आठवण साठवणे आणि वाट ओळखणे ही याच भागाची कामे. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही, ओळखीच्या गल्लीत माणूस चुकतो. लहानपणी घोकलेले मात्र बराच काळ टिकते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून ज्याची थट्टा होते तो मेंदूचा आजार आहे, हे चित्रपट ठसवतो.

उणीव दुसरीकडे आहे. ‘म्हातारपणचे विसरणे म्हणजे अल्झायमर’ असे समीकरण मनात घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. वास्तविक स्मृतिभ्रंश हे तापासारखे लक्षणसमूहाचे नाव आहे. त्यामागची कारणे अनेक असतात.

शास्त्रींना दुसरा आजार असता तर कथा कशी बदलली असती? मेंदूतील रक्तवाहिन्या तुंबून स्मृतिभ्रंश झाला असता, तर घसरण पुष्कळदा पायऱ्यापायऱ्यांनी दिसली असती. विसरण्याआधी विचार आणि चाल मंदावली असती. लेवी पिंडांचा आजार असता, तर कदाचित तो हत्तीच खरा नसता! या आजारात आल्फा-सायन्यूक्लिन प्रथिनाचे गोळे पेशींत जमतात, नसलेली माणसे आणि प्राणी स्पष्ट दिसतात, भान दिवसागणिक कमीजास्त होते आणि अंगात कंपवातासारखा ताठरपणा येतो. कपाळामागचा आणि कानशिलाचा भाग झिजणारा आजार असता, तर स्मरण बरेचसे शाबूत राहून स्वभावच पालटला असता. सौम्य पंडित चारचौघांत अपशब्द बोलू लागला असता.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. भास होतात म्हणून लेवी पिंडांच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले, तर ते प्रसंगी जिवावर बेतते. अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब अमायलॉइडवरच काम करते, तेही रोगाच्या सुरुवातीच्या काळात. झीज थोडी मंदावते, रोग बरा होत नाही. याउलट थायरॉइडची वा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कवटीच्या आत साठलेले रक्त अशी कारणे वेळीच सापडली, तर विस्मरण सुधारू शकते.

निसर्ग मात्र आपल्या कप्प्यांना जुमानत नाही. वृद्धांच्या मेंदूत एकाहून अधिक विकृती एकत्र असणे सर्रास आढळते. अमेरिकेतील जोगिणींच्या मेंदूंच्या अभ्यासात १९९७ साली दिसले, की अल्झायमरच्या खुणांना मेंदूतील लहानशा रक्तघातांची जोड मिळाली, तर स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण बरेच वाढते. म्हणजे रक्तदाब सांभाळणे हेही स्मरण सांभाळणेच.

एका चित्रपटाने हे सारे सांगावे, अशी अपेक्षा नाही. ते काम शिक्षकाचे. वर्गात ‘अस्तु’ जरूर दाखवावा; मग विद्यार्थ्यांना विचारावे, ‘हा अल्झायमरच कशावरून?’ चित्रपटाचे नाव स्वीकाराचे आहे आणि पुष्कळ घरांना तो स्वीकार करावाच लागतो. पण ‘अस्तु’ हा शब्द निदानानंतरचा आहे. निदानाआधीच तो उच्चारला, तर बरे होऊ शकणारे आजोबाही आपण ‘वय झाले’ म्हणून कोपऱ्यात बसवू.