‘रसायनमुक्त’ मुठेल

वैशाखात रातांबे पिकले की मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडे घरोघरी सोले वाळत पडतात. बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळला की तेल वर तरंगते. ते थंड होऊन घट्ट होऊ लागले की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात; म्हणून ते मुठेल. टाचांच्या भेगांना ते लावण्याची रीत जुनी आहे. आता हेच तेल ‘कोकम बटर’ या नावाने मलमांत आणि साबणांत जाते, आणि अशा मालाच्या वेष्टनावर पुष्कळदा दोन शब्द झळकतात: ‘नैसर्गिक’ आणि ‘रसायनमुक्त’. यातील दुसऱ्या शब्दाला आमचा आक्षेप आहे.

मुठेल हे रसायनच आहे. कोणत्याही मेदात ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांचे तीन रेणू जोडलेले असतात. मुठेलात त्यांपैकी बहुधा दोन स्टिअरिक आम्लाचे व एक ओलेइक आम्लाचा असतो. स्टिअरिक आम्लाच्या साखळ्या सरळ असल्याने एकमेकींना लागून दाटीने बसतात. त्यामुळे हा मेद वितळण्यास सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि कोकणातल्या मे महिन्यातही गोळा गोळाच राहतो. भेगेवर त्याचा थर बसला की त्वचेतील पाण्याचे बाष्पीभवन मंदावते. म्हणजे ज्या गुणासाठी मुठेल घ्यायचे, तो गुणच त्याच्या रासायनिक रचनेचा आहे!

मग हा शब्द आला कोठून? त्याचे मूळ चळवळीत आहे. पण वाटेत त्याचा अर्थ सांडला. रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचा रोख डीडीटीसारख्या ठरावीक कीटकनाशकांच्या बेसुमार वापरावर होता. त्या स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या. पुढे ‘अमुक रसायन घातक आहे’ या विधानाचे ‘रसायन म्हणजे घातक’ असे सुटसुटीत रूप झाले, आणि जाहिरातदारांनी ते उचलले.

चळवळींमुळे प्रसाधनांचा धंदा बदलतो, यात शंका नाही. स्वदेशीच्या काळात मुंबईच्या गोदरेज यांनी पशुचरबी टाळून वनस्पती तेलांचा साबण काढला. २०१४ साली भारताने प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना बंदी घातली. या दोन्ही मागण्या तपासता येण्याजोग्या होत्या: चरबी कोणती वापरली? प्राण्यांवर चाचणी केली की नाही? याउलट २०२० साली वर्णद्वेषविरोधी आंदोलन अमेरिकेतून जगभर पसरले, तेव्हा १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’चे ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नावातून गोरेपणा गेला हे चांगलेच झाले; पण नाव बदलल्याने नळीतील द्रव्य बदलतेच असे नाही. मागणी तपासता येण्याजोगी असेल तर माल बदलतो. नसेल तर शब्दावर भागते.

सिंधुदुर्गाच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा वाद नाही. २०१६ साली सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ‘रसायनमुक्त’ हा शब्द भरपूर मुठेल असलेल्या मलमावर छापता येतो, तसाच नावापुरते मुठेल असलेल्या मलमावरही. बिया फोडणाऱ्या, गर कुटणाऱ्या बाईच्या श्रमाचे मोल त्या शब्दाने वाढत नाही. तिला उपयोगी पडेल तो आकडा: यात मुठेल किती टक्के? ग्राहकाने हा आकडा मागितला, तरच बियांना मागणी वाढेल.

शिक्षकांना येथे एक सोपा उपक्रम घेता येईल. आपल्याकडील नियमांप्रमाणे प्रसाधनातील एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. विद्यार्थ्यांना घरची रिकामी वेष्टने आणावयास सांगावे. ‘गार्सिनिया इंडिका’ हे कोकमचे शास्त्रीय नाव यादीत कितव्या क्रमांकावर आहे, ते त्यांनी शोधावे व वहीत तक्ता करावा. मुठेल वरच्या दोन-तीन घटकांत आहे, की सुगंधी द्रव्याच्याही खाली? अनेक मलमांच्या यादीत पहिला घटक पाणी असते. ‘रसायनमुक्त’ मलमावर ते छापलेले दिसले, की पाणी हे रसायन नव्हे काय, असे वर्गातील एखादी मुलगी विचारीलच. तिला उत्तर देण्याची घाई करू नये. तोच प्रश्न फळ्यावर लिहावा.