पत्ता आणि पाठ : संगणकीय तिपिटकाचे एक परीक्षण

पालि तिपिटकाच्या आधुनिक संपादनाचा इतिहास हा माध्यमांच्या स्थित्यंतराचाही इतिहास होय. १८८१ मध्ये लंडन येथे पालि टेक्स्ट सोसायटीची स्थापना झाली आणि तिपिटक रोमन लिपीत छापले जाऊ लागले. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे छट्ठसंगायन झाले. त्याच सुमारास भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून देवनागरी तिपिटक प्रसिद्ध होऊ लागले. १९९० च्या दशकात इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठसंगायन पाठ सीडी-रॉमवर आणला. २००५ मध्ये सुरू झालेला ‘सुत्तसेंट्रल’ हा संग्रह या परंपरेतील पुढचा टप्पा आहे. त्याची रचना समजून घेणे आणि तिच्या मर्यादा नोंदविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या संग्रहात ग्रंथ पृष्ठांत विभागलेला नाही. प्रत्येक सुत्ताचे लहान लहान खंड केले असून प्रत्येक खंडाला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. मज्झिमनिकायातील पहिल्या सुत्ताचा आरंभीचा खंड एका क्रमांकाखाली असेल, तर त्याचे भाषांतरही त्याच क्रमांकाखाली ठेवलेले असते. मूळ पालि, भाषांतर, टीप, पाठभेद आणि छापील आवृत्त्यांचे पृष्ठसंदर्भ या सर्वांच्या संचिका वेगळ्या आहेत. त्यांना जोडणारा धागा म्हणजे हा खंडक्रमांक. वाचकासमोर जे पान येते, त्यामागे ‘अरँगोडीबी’ नावाचा डेटाबेस काम करतो. त्यात माहिती दस्तऐवजांच्या रूपाने साठविली जाते.

एका संगणकाने दुसऱ्याकडे ठरलेल्या रीतीने मागणी करावी आणि ठरलेल्या रूपात उत्तर मिळावे, या व्यवस्थेला एपीआय म्हणतात. अशा डेटाबेसमध्ये प्रत्येक दस्तऐवजाला पत्ता असतो : अमुक संग्रह, अमुक किल्ली. ‘गेट’ म्हटले की दस्तऐवज मिळतो, ‘पोस्ट’ने नवा निर्माण होतो, ‘पुट’ने संपूर्ण बदलला जातो, ‘पॅच’ने त्याचा काही भाग बदलतो आणि ‘डिलीट’ने तो नाहीसा होतो. सर्वसामान्य वाचकाला अर्थातच केवळ मागण्याचा अधिकार असतो.

संपादनशास्त्राच्या अभ्यासकाने येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. प्रत्येक दस्तऐवजासोबत एक आवृत्तिखूण असते आणि प्रत्येक लेखनानंतर ती बदलते. आपण पाहिलेली खूण पुढे करून बदलाची मागणी केली आणि दरम्यान दुसऱ्या कोणी तो दस्तऐवज बदललेला असला, तर डेटाबेस ४१२ हा क्रमांक देऊन मागणी नाकारतो. एका संपादकाच्या नकळत दुसऱ्याचे काम पुसले जाऊ नये, यासाठी ही योजना आहे. मात्र ही खूण केवळ ‘बदल झाला’ एवढेच सांगते. काय होते आणि काय झाले, हे ती सांगत नाही. जुना मजकूर ती जपूनही ठेवत नाही. सुत्तसेंट्रलने हा इतिहास ‘गिट’ या वेगळ्या व्यवस्थेत राखला आहे. कोणता शब्द कोणत्या दिवशी बदलला, हे तेथे पाहता येते. ही व्यवस्था प्रशंसनीय आहे. परंतु एपीआयद्वारे मजकूर घेणारा बहुधा तेथवर जात नाही.

दुसरा प्रश्न पाठभेदांचा आहे. या संग्रहाचा मूळ पालि पाठ ‘महासंगीति’ आवृत्तीचा असून तो छट्ठसंगायनावर आधारलेला आहे. मज्झिमनिकायाच्या मूलपरियाय सुत्ताचा शेवट पाहावा. भगवंतांच्या भाषणाने भिक्खूंना आनंद झाला नाही, असे छट्ठसंगायन पाठ सांगतो. अट्ठकथाही त्याचे कारण देते. अन्य काही छापील पाठांनुसार मात्र भिक्खू आनंदित झाले. एका ‘न’काराच्या असण्या-नसण्याने सुत्ताचा समारोप उलटा होतो. जो केवळ मूळ पाठाची संचिका मागवितो, त्याच्या हाती एकच वाचन पडते. पाठभेद वेगळ्या संचिकेत असतात. ते मागितल्यावाचून दिसत नाहीत. छापील ग्रंथात पानाच्या तळाशी असलेली टीप डोळ्यांना आपोआप दिसत असे. येथे ती शोधावी लागते. पत्ता अचूक असला म्हणजे पाठ निर्विवाद ठरतो, असे नव्हे.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने या विवेचनाला प्रत्यक्ष महत्त्व आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे मूलस्रोत शोधण्याचे परिश्रम भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी भाषांतर करताना घेतले. आज तेच काम एखादा विद्यार्थी संगणकावर काही क्षणांत करू पाहतो. ज्या समाजाला ग्रंथापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवण्यात आले, त्याच्या हाती मूळ पालि विनामूल्य यावी, ही सामान्य घटना नव्हे. परंतु यंत्राने एखादा शब्द सापडत नाही असे सांगितले, म्हणजे बाबासाहेबांच्या विधानाला आधार नाही, असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल. शोध कोणत्या आवृत्तीत घेतला, कोणते रूप शोधले, अट्ठकथा पाहिली काय, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

म्हणून आपल्या अभ्यासकांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली : संगणकीय पाठातून उद्धरण देताना सुत्त, खंडक्रमांक, आवृत्तीचे नाव आणि पाहिल्याची तारीख ही चारही अंगे द्यावीत आणि पाठभेदाची संचिका अवश्य पाहावी. दुसरी : मराठी भाषांतराचे काम याच खंडक्रमांकांनुसार हाती घ्यावे. भिक्खू सुजातो यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली चार निकायांची इंग्रजी भाषांतरे हक्कमुक्त आहेत. त्यांच्या शेजारी ठेवून ताडता येईल असे मराठी भाषांतर थेट पालिवरून व्हावे. मराठी खंड पालि खंडाच्या शेजारी उभा राहिला, तर पालि नुकतीच शिकू लागलेला उपासकही भाषांतरकाराची चूक दाखवू शकेल. ग्रंथ मिळणे ही पहिली पायरी होय; तो पारखून घेण्याची सवय समाजात रुजणे ही त्यापुढची.