ठिगळांची रेकॉर्ड : मॅरिलियनची ‘ब्रीफ एन्काउंटर’

आजचा विषय आकाराने लहान आहे. पाच गाणी, सुमारे अर्धा तास. इंग्लंडमधल्या मॅरिलियन या बँडची ‘ब्रीफ एन्काउंटर’ ही ईपी १९८६ मध्ये कॅपिटॉल कंपनीने अमेरिकेच्या बाजारासाठी काढली. पहिली दोन गाणी स्टुडिओतली. पुढची तीन लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये त्याच वर्षीच्या जानेवारीत झालेल्या कार्यक्रमातली. प्रोग्रेसिव्ह रॉकचे जाणकार अशा रेकॉर्डला सहसा नाक मुरडतात. उरलंसुरलं एकत्र शिवलेलं, म्हणतात. शिवलेलं आहे हे आम्हालाही मान्य आहे. पण शिवण कुठे पडली आहे, ते आज जरा नीट पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८५ मध्ये ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ हा त्यांचा तिसरा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातलं ‘केली’ हे गाणं एकल गाण्यांच्या यादीत दुसऱ्या. अमेरिकेत मात्र असं काही घडलं नाही. १९८६ मध्ये रश या कॅनडातल्या बड्या बँडच्या अमेरिका दौऱ्यात मॅरिलियन आधी वाजवायची. म्हणजे समोरची गर्दी दुसऱ्यासाठी आलेली. अशा श्रोत्याला हातात द्यायला ही ईपी होती. तेव्हा हेतू व्यापारी होता, यात शंका नाही.

आता क्रम बघा. सुरुवात ‘लेडी नीना’ने होते. ब्रिटनमध्ये हे गाणं ‘केली’च्या मागच्या बाजूला होतं. दुसरं ‘फ्रीक्स’; तेही बी-साइडच, ‘लॅव्हेंडर’ची. म्हणजे तिकडे जे पाठीमागे होतं ते इथे दारात उभं केलंय. गाणी वाईट नाहीत. ‘फ्रीक्स’मध्ये लोकांच्या नजरेखाली जगण्याची घुसमट आहे, आणि फिश या गायकाला ती सोसत नव्हती हे आवाजात कळतं. पण दोन्ही गाणी बेतशीर आहेत. बँडची ताकद लांब पल्ल्याची, ती इथे दिसत नाही. फक्त हीच दोन ऐकणाऱ्याला मॅरिलियन समजणार नाही.

मग येतं ‘केली’, आणि पायाखालची जमीन बदलते. स्टुडिओतून आपण थेट सभागृहात येतो. हा सांधा आम्हाला खटकतो. त्याहून जास्त खटकतं ते गाण्याचं एकटेपण. मूळ अल्बममध्ये ते आधीच्या गाण्यातून उगवतं आणि थेट ‘लॅव्हेंडर’मध्ये विरतं. सगळा अल्बमच सलग विणलेला. इथे ते संपतं, टाळ्या पडतात. मैफलीतला विलंबित गाळून नुसती द्रुत बंदिश ऐकवावी, तसं काहीसं.

खरी गंमत यानंतर आहे. ‘केली’ १९८५चं. त्यानंतर ‘फुगाझी’, १९८४च्या त्याच नावाच्या अल्बममधलं. शेवटी ‘स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर’, १९८३च्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत. म्हणजे लाइव्ह भाग काळात मागे मागे चालतो. ‘केली’त तुटलेल्या प्रेमाची माफी मागितली जाते. ‘फुगाझी’त तो माणूस बिघडलेल्या शहरात भरकटतो. आणि ‘स्क्रिप्ट’मध्ये आपण पोचतो मूळ जखमेपाशी, प्रेम हरलेल्या विदूषकाजवळ. माफी आधी, घाव शेवटी. बँडने हे ठरवून केलं असा दावा आम्ही करत नाही. कंपनीने हिट गाणं पुढे ठेवलं असेल, एवढंच. पण कानाला जे ऐकू येतं, ते हेतूवर अवलंबून नसतं.

(इथे ‘स्क्रिप्ट’ची सुरुवात ऐकवण्यात आली.)

हे गाणं एकट्या आवाजाने सुरू होतं, पियानो मागून येतो. १९८३ च्या ध्वनिमुद्रणात ड्रम मिक पॉइंटर यांचे होते. इथे इयन मोझली आहेत. ते ‘फुगाझी’पासून बँडमध्ये. त्यामुळे ही जुन्या गाण्याची नुसती लाइव्ह नक्कल राहत नाही. ज्याने ते गाणं मूळ घडवताना वाजवलं नव्हतं, तो आता त्याचा कणा झाला आहे. लय अधिक भरीव वाटते, आणि तीन वर्षं जुनी तक्रार जास्त थकलेल्या, म्हणून जास्त खऱ्या गळ्यातून येते.

मग ही ईपी जपून ठेवावी का? स्टुडिओतली दोन्ही गाणी १९८८ च्या ‘बी’साइड्स देमसेल्व्ह्ज’मध्ये आली, तेव्हा त्यांच्यासाठी तरी धडपडायला नको. पण दुसरा अर्धा भाग या क्रमाने ऐकण्यासारखा आहे. त्याच १९८८ मध्ये फिश बँड सोडून गेले. तीन अल्बमांचा तो प्रवास उलट्या पावलांनी वीसेक मिनिटांत ऐकायला मिळणं, ही या ठिगळांच्या रेकॉर्डची कमाई. व्यापारासाठी शिवलेल्या गोधडीतही ऊब असू शकते. संग्राहकाने ती कपाटात ठेवावी. श्रोत्याने मात्र तिसऱ्या गाण्यापासून लावावी आणि शेवटपर्यंत मध्ये थांबू नये.

आता प्रश्न घेऊ.