ऐकू न येणारे शब्द : ‘नेव्हरमाइंड’ आणि दुर्बोधतेचा प्रश्न

दुर्बोधतेविषयीची आपली चर्चा जवळजवळ नेहमीच छापील संहिता गृहीत धरून होते. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या दुसऱ्या संग्रहाने तिला धार आणली आणि पुढे ग्रेस यांच्या कवितेभोवती ती पुन्हा रंगली. परंतु शब्द कानांवर पडतात तेव्हा दुर्बोधतेचे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. ‘निर्वाणा’ या अमेरिकन रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) हा दुसरा अल्बम या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. (दीक्षाभूमीच्या शहरात बँडचे नाव कुतूहल जागवील, प्रस्तुत विवेचनात मात्र त्याचा उपयोग नाही.)

पहिला अल्बम ‘ब्लीच’ (१९८९) अवघ्या सहाशे-एक डॉलरांत ध्वनिमुद्रित झालेला, जाड्याभरड्या पोताचा. दुसऱ्याचा निर्माता बुच व्हिग. एकच ओळ दोनदा गाऊन आवाजावर आवाज चढवायला गायक-गीतकार कर्ट कोबेन नाखूश होता; जॉन लेननही तसे करीत असे, हे सांगून व्हिगने त्याचे मन वळवले. अंतिम ध्वनिमिश्रण अँडी वॉलेसचे. जानेवारी १९९२ मध्ये हा अल्बम मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून अमेरिकेतील विक्रीयादीत अग्रस्थानी पोचला.

यातील अनेक गीतांची घडण एकाच तत्त्वावर उभी आहे : कडवे दबक्या स्वरात, जवळजवळ पुटपुटलेले, ध्रुवपद एकदम किंचाळीपर्यंत गेलेले. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे तीन नियम मांडले, त्यांतील विरोधलयीचे इतके उघडेवाघडे उदाहरण शोधून सापडणार नाही. मात्र मर्ढेकरांचीच दुसरी भूमिका इथे अडचणीत येते. साहित्याचे माध्यम ध्वनी नसून शब्दांचा भावनात्मक अर्थ होय, असे ते मानीत. कोबेनच्या गीतांत शब्दच नीट कळत नाहीत. अल्बमच्या वेष्टनावरही गीते सलग छापलेली नव्हती. ओळींचे तुकडे एकमेकांत मिसळून दिले होते. संपूर्ण शब्द १९९२ मध्ये ‘लिथियम’ या सुट्या गीताच्या तबकडीबरोबर आले. तोवर लाखो श्रोत्यांनी संहितेविना ही गीते आपलीशी केली होती. भावनात्मक अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला, तो शब्दार्थाच्या आधी.

यावर एक आक्षेप संभवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबत निघते तेव्हा ढोलताशांत घोषणांचे अर्धे शब्द बुडतात, तरी काय हाकलायचे ते पोरासोरांनाही ठाऊक असते; मग कोबेनचे वेगळे ते काय? वेगळे हे की, मारबतीत अर्थ विधीने आधीच पुरवलेला असतो. कोबेनच्या श्रोत्यापाशी असा विधी नाही. सारा भार एकट्या आवाजावर पडतो, आणि तो तिथे पेलला जातो.

ध्वनिमिश्रण फार गुळगुळीत झाले, अशी तक्रार कोबेनने नंतर केली आणि ‘इन युटेरो’साठी (१९९३) स्टीव्ह अल्बिनीचा खरखरीत पोत निवडला. कलावंताचा असंतोष समजण्याजोगा आहे. समीक्षकाने तो निवाडा म्हणून स्वीकारावा असे नाही. तुटलेल्या शब्दांना सुडौल चाल मिळते, यातूनच ‘नेव्हरमाइंड’मधील ताण निर्माण होतो. चाल इथे शब्दांचा अर्थ लावीत नाही. ती त्यांना तसेच अर्धवट ठेवते.

नागपूरच्याच ग्रेस यांच्याबाबत नेमके याच्या उलट घडले, असे मला वाटते. हृदयनाथ मंगेशकरांच्या स्वररचनांमुळे त्यांच्या कविता पुस्तक न उघडलेल्यांच्याही ओठांवर गेल्या, आणि दुर्बोधतेची तक्रार करणारेच त्या डोळे मिटून ऐकू लागले. चाली थोर आहेत, यात शंका नाही. तथापि त्या प्रतिमांतील परस्परविरोध एका कातर, सलग उदासीत विरघळवतात. ‘राजपुत्र आणि डार्लिंग’ (१९७४) या दुसऱ्या संग्रहाच्या नावातच दोन विजातीय शब्द एकमेकांशेजारी ठेवले आहेत. मराठी भावगीताच्या परंपरेत असा खडखडाट सामावून घेणारी चाल जवळजवळ नाही. ग्रेस सुबोध झाले असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या कवितेतील हा भाग बहुधा आपण ऐकलेलाच नसतो.